जादा शिफ्ट घ्यावी की नाही: होकार देण्याआधी करायचा हिशेब

जादा शिफ्टची विचारणा झाली की बहुतेक जण मनात एकच गुणाकार करतात: तासाचा दर गुणिले तास. दर दीडपट असेल तर आकडा आणखी भरघोस दिसतो आणि तिथल्या तिथे होकार दिला जातो. पुढे पगारपत्रक हातात पडते तेव्हा त्या आकड्याचा बराच भाग कपातीत, प्रवासात आणि बाहेरच्या खाण्यात गेलेला असतो. दुसऱ्या दिवशीची अर्धी सुट्टी झोपेत गेली, ती तर कुठे लिहिलेलीच नसते.

खाली दिलेला क्रम शक्यतो मोडू नका. विश्रांतीची कसोटी मुद्दाम पैशांच्या हिशेबाआधी ठेवली आहे, कारण रक्कम एकदा दिसली की साडेपाच तासांची झोपही पुरेशी वाटू लागते. उदाहरणांतले आकडे सोयीसाठी घेतले आहेत. त्यांच्या जागी आपले चलन, आपले दर आणि आपले नियम घाला.

## तयारी: एकदाच बसून जमवायची माहिती

हे काम विचारणा येण्याआधी, निवांत वेळी करायचे. सुपरवायझर फोनवर उत्तराची वाट पाहत असताना नियमावली शोधायला सवड मिळत नाही.

१. मागची तीन पगारपत्रके. त्यातले एक तरी ओव्हरटाइम असलेल्या महिन्याचे हवे. ओव्हरटाइमच्या महिन्यात कपात किती वाढली, हे त्यावरून कळते.

२. जादा दराचा नेमका नियम. दीडपट की दुप्पट, एवढे विचारून थांबू नका. कशाच्या दीडपट, ते विचारा. काही ठिकाणी पूर्ण वेतन धरतात, काही ठिकाणी फक्त मूळ वेतन. फरक मोठा असतो. समजा भत्त्यांसह तासाला २०० पडतात आणि त्यातले मूळ वेतन १२० आहे. मूळ वेतनाच्या दीडपट म्हणजे १८०. म्हणजे दर दीडपट म्हणवतो, पण मिळतात नेहमीपेक्षा कमी.

३. जादा दर कोणत्या तासापासून लागतो. मर्यादा रोजची की आठवड्याची? रजेचे आणि सुट्टीचे तास ‘काम केलेले’ धरतात की नाही? हा मुद्दा पुढे टप्पा ३ मध्ये फार महत्त्वाचा ठरतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९१९ सालच्या पहिल्या करारात उद्योगांसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, आणि त्यावरच्या कामाला किमान सव्वापट दर सांगितला आहे. प्रत्यक्षातला नियम मात्र देशाचा कायदा आणि तुमचा नेमणुकीचा करार ठरवतो. तो मूळ कागदावर वाचा, सहकाऱ्याच्या तोंडून ऐकू नका.

४. हजेरी बंद होण्याची तारीख. बऱ्याच ठिकाणी महिन्याच्या एका ठरावीक तारखेनंतरचा ओव्हरटाइम पुढच्या महिन्याच्या पगारात येतो. या महिन्याचा हप्ता भरायला म्हणून घेतलेल्या शिफ्टचे पैसे हप्त्याची तारीख उलटून गेल्यावर आले, तर मूळ हेतूच बाजूला राहतो.

५. वरच्या रकमेवरचा कराचा दर. वर्षाच्या उत्पन्नाचा शेवटचा भाग कराच्या कोणत्या टप्प्यात पडतो ते पाहून ठेवा. सोबत, तुमच्या घराला उत्पन्नाच्या मर्यादेवर मिळणारी एखादी सवलत, शिष्यवृत्ती किंवा आरोग्य योजना असेल तर तिची मर्यादा आणि या वर्षीचे आतापर्यंतचे उत्पन्न शेजारी शेजारी लिहून ठेवा.

६. तुमचा किमान दर. सगळे वजा जाता घराबाहेरच्या एका तासाचे किती पैसे मिळाले तर शिफ्ट घ्यायची, तो आकडा. तो कसा काढायचा ते लगेच पाहू.

### किमान दर कसा काढावा

सुरुवात नेहमीच्या दिवसापासून करा. समजा साडेसात तासांचे २०० दराने १५०० होतात. सरासरी कपात १५ टक्के, म्हणजे १२७५ उरतात. जाण्यायेण्याचे ७५ वजा केले की १२००. घर सोडल्यापासून घरी परतेपर्यंत १० तास जातात. १२०० भागिले १०, म्हणजे तासाला १२०.

हा तुमचा पाया. सुट्टीचा दिवस नेहमीच्या दिवसापेक्षा दुर्मीळ असतो, म्हणून तो विकायचा तर भाव पायापेक्षा जास्तच हवा. किती जास्त, हे घरच्या परिस्थितीवर ठरेल. लहान मूल किंवा आजारी माणूस घरी असेल तर बराच जास्त. थकलेली देणी डोक्यावर असतील तर पायाच्या आसपास, अगदी थोडा खालीही चालेल. आकडा घरातल्या जोडीदाराशी बोलून ठरवा, कारण तुमच्या गैरहजेरीतली घरची कामे त्यांच्यावर येतात.

सावधान: किमान दर विचारणा आल्यावर ठरवू नका. तेव्हा ठरवलेला दर नेमका समोरच्या शिफ्टला बसेल असाच निघतो.

## टप्पा १: होकार देण्याआधी पाच प्रश्न

विचारणा झाली की, ‘अर्ध्या तासात सांगतो’ किंवा ‘सांगते’ असे म्हणा आणि एवढे विचारून घ्या:

१. सुरुवात किती वाजता, सुटणे किती वाजता, आणि पुढचा माणूस आला नाही तर थांबावे लागेल का?
२. मधली सुट्टी किती आणि तिचे पैसे मिळतात का?
३. ही जादा शिफ्ट आहे की बदली? बदलीत तुमची दुसरी शिफ्ट कमी होते, त्यामुळे जादा दर बहुधा लागतच नाही.
४. मोबदला पैशात की बदली रजेत?
५. काम कोणते? नेहमीचे, की दुसऱ्या विभागातले, ज्याची सवय नाही?

तिसऱ्या प्रश्नावर सर्वांत जास्त गोंधळ होतो. ‘रविवारी येशील का’ या वाक्यात जादा आणि बदली दोन्ही बसतात. ‘माझी बुधवारची शिफ्ट तशीच राहते ना?’ असे सरळ विचारा.

बदली रजेबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. दर दीडपट असताना आठ तासांच्या बदल्यात आठच तास रजा मिळत असेल, तर तुम्ही चार तासांचे मोल सोडून देत आहात. बारा तास मिळत असतील तर व्यवहार बरोबरीचा. पण ती रजा किती दिवसांत वापरायची आणि मनासारख्या दिवशी मिळते का, हे आधी विचारा. मुदत संपून वाया गेलेल्या रजेची किंमत शून्य असते.

## टप्पा २: विश्रांतीची कसोटी

इथे उत्तर ‘नाही’ आले तर पुढचे टप्पे करायचेच नाहीत.

एका कागदावर या वेळांची नोंद करा: आधीची शिफ्ट सुटण्याची, जादा शिफ्टची सुरुवात आणि शेवट, आणि त्यानंतरच्या शिफ्टची सुरुवात. मग दोन्ही बाजूंच्या मोकळ्या वेळेतून प्रवास, अंघोळ, जेवण आणि घरातली टाळता न येणारी कामे वजा करा. उरले ते झोपेचे तास. प्रौढ माणसाला रोज किमान ७ तास झोप लागते.

उदाहरण घ्या. जादा शिफ्ट रात्री ११ ला सुटते आणि उद्याची सकाळी ७ ला सुरू होते. मध्ये ८ तास दिसतात. जाण्यायेण्याचा दीड तास आणि अंघोळ-जेवणाचा एक तास काढला की साडेपाच उरतात, तेही पाठ टेकताच झोप लागली तर. ही कसोटी अनुत्तीर्ण. युरोपीय संघाच्या कामाच्या वेळेच्या नियमांत दर चोवीस तासांत सलग ११ तासांची विश्रांती सांगितली आहे. तुमच्याकडे तसा नियम नसला तरी मोजपट्टी म्हणून ११ तास धरा. प्रवास आणि जेवण काढून सात-आठ तासांची झोप त्यातच बसते.

दुसरी तपासणी सलग जागे राहण्याची. शिफ्ट सुटून घरी पोहोचेपर्यंत तुम्ही किती तास जागे असाल? सलग १७ तास जागे राहिल्यावर प्रतिक्रियेचा वेग रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा मंदावतो, असे प्रयोगांत दिसले आहे. सकाळी ६ ला उठून रात्री ११ ला दुचाकीवर बसलात की १७ तास भरले. चहा-कॉफीने जाग येते, पण साचलेली झोप फिटत नाही. शिवाय कॅफिनचे निम्मे प्रमाण उतरायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे शिफ्टच्या शेवटी घेतलेली कॉफी घरी गेल्यावर झोप लागू देत नाही.

तिसरी तपासणी आठवड्याची. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ मधल्या विश्लेषणात, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. एका आठवड्यापुरते ५५ तास झाले म्हणून लगेच काही होत नाही. पण मागच्या चार आठवड्यांची सरासरी काढा. ती ५५ च्या जवळ गेली असेल तर ही शिफ्ट सोडा.

सावधान: वाहन चालवणे, यंत्रावर काम, उंचीवरचे काम, औषधे देणे अशी कामे असतील तर या कसोटीत सवलत नाही. पहाटे साधारण २ ते ६ या वेळात शरीर सर्वांत सुस्त असते. सवय नसलेली रात्रपाळी आणि सवय नसलेले काम एकाच वेळी घेऊ नका.

## टप्पा ३: खरोखर किती तासांचे, कोणत्या दराने पैसे

शिफ्ट आठ तासांची म्हणतात, पण अर्ध्या तासाच्या सुट्टीचे पैसे नसतील तर पैसे साडेसात तासांचे. हजेरी पंधरा मिनिटांच्या पटीत खाली ओढत असतील तर आणखी थोडे कमी.

आता आठवड्याची मर्यादा. समजा तुमच्या आठवड्यात साडेसात तासांच्या सहा शिफ्ट असतात, म्हणजे ४५ तास, आणि ४५ नंतर दीडपट दर लागतो. सहाही शिफ्ट भरल्या असतील तर जादा शिफ्टचे साडेसात तास ३०० दराने, एकूण २२५०. पण त्याच आठवड्यात एक दिवस रजा घेतली असेल आणि रजेचे तास धरत नसतील, तर काम झाले साडेसदतीस तास. जादा शिफ्टने ते जेमतेम ४५ वर येते. सगळे तास साध्या दराने, एकूण १५००. काम तेच, सुट्टीचा दिवस तोच गेला, आणि ७५० कमी.

तपासणी: या आठवड्यात रजा, सणाची सुट्टी किंवा लवकर सुटलेला दिवस आहे का? असेल तर वेतन विभागाला विचारल्याशिवाय दीडपट धरू नका. आणि रात्रीचा भत्ता ठरावीक वेळेतल्या तासांनाच मिळत असेल तर तेवढ्याच तासांना लावा.

## टप्पा ४: कपात वजा करा, पण योग्य दराने

इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात.

पहिली चूक सरासरी दर लावण्याची. पगारपत्रकावर एकूण कपात १५ टक्के दिसते म्हणून जादा रकमेवरही १५ टक्के धरले जातात. टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या करात जादा कमाई तुमच्या उत्पन्नाच्या माथ्यावर येऊन बसते, म्हणून तिला सर्वांत वरच्या टप्प्याचा दर लागतो. आपल्या उदाहरणात तो २० टक्के धरू. त्याखेरीज ४ टक्के सामाजिक सुरक्षेची कपात. २२५० चे २४ टक्के ५४० होतात. उरले १७१०.

दुसरी चूक याच्या उलट आहे आणि तिच्यामुळे अनेक चांगल्या शिफ्ट नाकारल्या जातात. ‘वरच्या टप्प्यात गेलो तर सगळ्याच पगारावर जास्त कर बसेल’ ही ती समजूत. टप्पेवारी करात जास्त दर फक्त रेषेच्या वरच्या रकमेला लागतो, खालची रक्कम जुन्याच दराने राहते.

मात्र सवलतींच्या बाबतीत खरोखर कडा असतात. उत्पन्न मर्यादेच्या एका आकड्यानेही वर गेले की काही योजनांतून पूर्ण नाव कमी होते. तिथे एका शिफ्टची कमाई वर्षभराच्या सवलतीपेक्षा महाग पडू शकते. तयारीत लिहिलेला तो आकडा इथे पाहायचा.

एक बारकावा: एखाद्या महिन्यात ओव्हरटाइम जास्त झाला की वेतन विभागाचे गणित कधी कधी वर्षभर तेवढीच कमाई होणार असे धरते आणि त्या महिन्यात जादा कर कापला जातो. वर्षाचा हिशेब मिटताना तो फरक परत मिळतो. कपात भारी दिसली म्हणून शिफ्ट तोट्याची ठरत नाही. फक्त या महिन्याच्या खर्चासाठी त्या पैशांवर विसंबता येत नाही. तसेच निवृत्ती निधीत जाणारी कपात तुमचीच असते. ती गेलेल्या पैशांत मोजू नका, वेगळ्या ओळीत लिहा.

## टप्पा ५: या शिफ्टमुळेच होणारा खर्च

प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न लावा: शिफ्ट घेतली नाही तर हा खर्च वाचेल का? वाचत असेल तर धरा, नसेल तर सोडा.

महिन्याचा पास काढलेला असेल तर प्रवासाचा खर्च शून्य. आधीच विकत घेतलेला गणवेशही मोजायचा नाही. पण रात्री उशिरा सार्वजनिक वाहन बंद होत असेल तर परतीच्या गाडीभाड्याची रक्कम पूर्ण धरा. जेवणात फक्त फरक मोजा. घरी जेवलात तरी काही खर्च होतोच, बाहेर खाल्ल्याने जास्तीचा लागतो तेवढाच या शिफ्टचा. मूल किंवा वृद्ध माणूस सांभाळायला कुणाला ठेवत असाल तर शिफ्टचे तास धरू नका, तुम्ही घराबाहेर असाल तेवढे तास धरा. किमान अर्ध्या दिवसाचे पैसे घेण्याची पद्धत असेल तर तेही पाहा.

नेहमी राहून जाणारा खर्च म्हणजे थकव्यातून होणारी खरेदी. स्वयंपाक करायची ताकद नाही म्हणून दुसऱ्या दिवशी बाहेरून मागवलेले जेवण, बस चुकली म्हणून केलेली रिक्षा, न झालेल्या कामासाठी कुणाला तरी दिलेले पैसे. हे त्या शिफ्टच्याच खात्यात येतात.

आपल्या उदाहरणात: परतीची गाडी १८०, जेवणाचा फरक १२०, मुलाचा सांभाळ ३००. एकूण ६००. म्हणजे १७१० मधून उरले १११०.

## टप्पा ६: दारापासून दारापर्यंतचे तास

आता भागाकार. इथे पैसे मिळणारे तास घेतले तर आतापर्यंतची सगळी मेहनत वाया जाते. गेलेले सगळे तास घ्यायचे:

- कामाच्या जागी: सुट्टी धरून ८ तास
- कपडे बदलणे, काम ताब्यात घेणे, सोपवणे: अर्धा तास
- जाणे-येणे: दीड तास

एकूण १० तास. १११० भागिले १०, म्हणजे तासाला १११.

सुरुवातीला डोळ्यांसमोर ३०० होते. आणि नेहमीच्या दिवसाचा पाया १२० होता. म्हणजे या उदाहरणात दीडपट दराची शिफ्ट नेहमीच्या दिवसापेक्षाही स्वस्तात गेली. हे अपवादाने घडत नाही. वरच्या टप्प्याचा कर, उशिराचा परतीचा प्रवास आणि सांभाळाचा खर्च एकत्र आले की बहुतेकदा असाच निकाल लागतो.

शिफ्टनंतर भरून काढावी लागणारी झोपही तासांत मिळवा. रात्रपाळीनंतर दुसऱ्या दिवशीचे तीन तास त्यातच गेले तर भाजक १३ होतो आणि दर ८५ च्या आसपास येतो. रजेच्या आठवड्यातली साध्या दराची शिफ्ट घेतली असती तर? १५०० मधून ३६० कपात आणि ६०० खर्च जाऊन ५४० उरतात. दहा तासांना तासाला ५४.

तपासणी: एकच खर्च दोनदा वजा झाला नाही ना? कामावरच्या सुट्टीतला अर्धा तास आठ तासांत आधीच धरला आहे, तो वेगळा मिळवायचा नाही.

## टप्पा ७: तुलना कशाशी

निघालेला दर तीन गोष्टींच्या शेजारी ठेवा.

आधी किमान दराशी. तो तयारीत लिहिलेला आहे, आज बदलायचा नाही.

मग त्या वेळच्या दुसऱ्या वापराशी. सुट्टीच्या दिवशी तुम्ही शिकवणी, शिलाई, दुरुस्ती असे काही काम करत असाल तर त्याची निव्वळ कमाई हीच खरी स्पर्धा. घरची जी कामे या शिफ्टमुळे पैसे देऊन करून घ्यावी लागतील तीही इथे येतात.

शेवटी शिफ्टच्या दुसऱ्या रूपाशी. वेगळ्या दिवशी पूर्ण शिफ्ट घेण्याऐवजी नेहमीच्या शिफ्टला जोडून चार तास थांबता येते का? चार तासांचे ३०० दराने १२००, कपात २८८, उरले ९१२. जेवणाचा फरक १२० आणि चार तासांचा सांभाळ १५० वजा केला की ६४२. नेहमीचाच परतीचा प्रवास असल्याने जादा भाडे नाही, जादा प्रवासाचा वेळही नाही. ६४२ भागिले ४, म्हणजे तासाला सुमारे १६०. एकूण रक्कम कमी आहे, पण प्रत्येक तासाचा मोबदला पूर्ण शिफ्टपेक्षा बराच चांगला आणि सुट्टीचा दिवसही शाबूत. याची दुसरी बाजू टप्पा २ मध्येच आहे: लांबलेल्या शिफ्टच्या शेवटच्या तासांत चुका आणि अपघातांचा धोका वाढतो, त्यामुळे चार तासांसाठीही ती कसोटी पुन्हा लावा.

कर्ज असेल तर हिशेबात एक ओळ वाढते. वर्षाला २४ टक्के व्याजाचे देणे वर्षभर राहणार असेल तर आज भरलेले १११० वर्षात सुमारे २६६ व्याज वाचवतात. हप्ता चुकल्याचा दंड टळत असेल तर दंडाची पूर्ण रक्कम मिळकतीत धरा, मात्र शिफ्टचे पैसे हप्त्याच्या तारखेआधी हातात येणार असतील तरच. उलट, पैसे कशासाठी हवेत ते सांगता येत नसेल आणि दर किमान दराच्या खाली असेल, तर विचार करत बसू नका, नकार द्या.

पैशात न मावणारी कारणेही असतात. नवे काम शिकायला मिळते, अडचणीत सापडलेल्या सहकाऱ्याला मदत होते, पुढे तुम्हाला बदली लागेल तेव्हा कुणीतरी उभे राहते. ही कारणे खरी आहेत. त्यासाठी कमी दराची शिफ्ट जरूर घ्या, पण किती रक्कम सोडतो आहोत ते माहीत असू द्या.

सावधान: एकाच आठवड्यातल्या दुसऱ्या जादा शिफ्टला पहिलीचा हिशेब लावू नका. थकवा साचलेला असतो, झोपेचे गणित बदललेले असते आणि सांभाळणारी व्यक्ती दुसऱ्यांदा जास्त पैसे मागू शकते. टप्पा २ पासून पुन्हा सुरू करा.

## टप्पा ८: उत्तर देणे

होकार असेल तर तोंडी बोलणे झाल्यावर लगेच संदेश पाठवा: तारीख, सुरू आणि सुटण्याची वेळ, दर, मधली सुट्टी, आणि कुणी मंजुरी दिली. ‘रविवारी दुपारी २ ते रात्री १०, दीडपट दराने, आपल्या सांगण्यावरून येत आहे’ एवढे पुरते. आधी मंजुरी नसलेला ओव्हरटाइम नाकारला जाण्याची भीती असते आणि तेव्हा हा संदेश कामी येतो.

नकार असेल तर थोडक्यात द्या. ‘या रविवारी जमणार नाही, पुढच्या शनिवारी संध्याकाळचे चार तास जमतील’ असे म्हटले की समोरच्याला नियोजन करता येते आणि तुम्हाला परवडणारी वेळ तुम्ही सुचवलेली असते. लांबलचक कारणे दिली की प्रत्येक कारणावर तोडगा सुचवला जातो आणि शेवटी नको असलेली शिफ्ट गळ्यात पडते.

## टप्पा ९: नंतरची पडताळणी

शिफ्ट संपल्याच्या दिवशी दोन ओळी लिहा: प्रत्यक्ष सुटण्याची वेळ आणि प्रत्यक्ष खर्च. हजेरीच्या नोंदीचा फोटो काढून ठेवा. पगारपत्रक आल्यावर क्रमाने पाहा: जादा तास पूर्ण धरले का, दर कोणता लावला, भत्ता आला का, आणि पैसे याच महिन्यात आले की पुढच्या. तफावत असेल तर त्याच आठवड्यात लेखी विचारा. दोन-तीन महिने उलटले की नोंदी शोधणे अवघड होते, आणि तक्रार करायला मुदत असेल तर तीही निघून जाते.

अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक तीन-चार शिफ्टनंतर स्पष्ट दिसू लागतो. दर वेळी चाळीस मिनिटे उशिरा सुटत असाल तर पुढच्या हिशेबात तेवढा वेळ आधीच मिळवा. जेवणावर ठरवल्यापेक्षा दुप्पट खर्च होत असेल तर दुप्पटच धरा.

जादा शिफ्टचे पैसे शक्य तर वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यांच्या भरवशावर नवा मासिक हप्ता घेऊ नका. कामाची गर्दी ओसरली की ओव्हरटाइम सर्वांत आधी बंद होतो. हप्ता मात्र चालू राहतो, आणि मग कसोटीत न बसणाऱ्या शिफ्टही घ्याव्या लागतात.

पगार वाढला, घर बदलले, मूल शाळेत जाऊ लागले किंवा कराचे टप्पे बदलले, की किमान दर नव्याने काढा.